केस वाढले की सिटिंगही वाढतात

हनुवटीवरची लव नकोशी वाटते म्हणून एखादी तरुणी लेसर करून घेते. पहिल्या दोन-तीन सिटिंगनंतर त्वचा गुळगुळीत झाल्याचे समाधानही तिला मिळते. पुढे काही महिन्यांनी जबड्याच्या कडेने आणि गळ्यावर, जिथे निरखून पाहिल्याशिवाय दिसणार नाही एवढीच लव होती तिथे, काळे आणि राठ केस उगवू लागतात. ती तक्रार घेऊन गेली की तिला अनेकदा ठरावीक उत्तर मिळते: तुमचे हॉर्मोन बिघडलेले असतील, आणखी सहा सिटिंग घ्याव्या लागतील. या उत्तराचा पहिला भाग कधीकधी खरा असतो. दुसऱ्या भागात मात्र, ज्या उपचाराने केस वाढले असण्याची शक्यता आहे तोच उपचार तिला नव्याने विकलेला असतो. लेसरच्या दुष्परिणामांची चर्चा आपल्याकडे भाजणे आणि डाग पडणे यापुढे फारशी जात नाही. ती या विक्रीपर्यंत न्यायला हवी.

त्वचारोगशास्त्रात या प्रकाराला ‘पॅराडॉक्सिकल हायपरट्रायकोसिस’ म्हणतात. केस घटवण्यासाठी वापरलेल्या लेसरने किंवा तीव्र प्रकाशझोताच्या आयपीएल यंत्राने उपचाराच्या जागी किंवा तिच्या आसपास उलट केस वाढणे, असे त्याचे स्वरूप आहे. वीस वर्षांहून अधिक काळ वैद्यकीय नियतकालिकांत त्याच्या नोंदी येत आहेत. वेगवेगळ्या अभ्यासांत त्याचे प्रमाण साधारण ०.६ टक्क्यांपासून १० टक्क्यांपर्यंत आढळले आहे. तो प्रामुख्याने चेहऱ्यावर आणि मानेवर होतो, काखेत आणि पायांवर क्वचितच. सावळ्या ते गडद त्वचेच्या, काळ्याभोर केसांच्या आणि हॉर्मोनचा असमतोल असलेल्या व्यक्तींमध्ये त्याची शक्यता अधिक मानली जाते. सर्वाधिक पटणारे स्पष्टीकरण असे आहे की, केसाचे मूळ नष्ट करण्याइतकी उष्णता जिथे पोहोचत नाही तिथे ती अर्धवट उष्णताच सुप्त मुळांना चेतवते आणि लवेचे रूपांतर जाड केसांत होते. हे स्पष्टीकरण खरे मानले, तर ‘सुरक्षिततेसाठी’ कमी ऊर्जेवर चालवलेले यंत्र चेहऱ्याच्या लवेवर फिरवणे हा सौम्य उपचार ठरत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अशा वाढलेल्या केसांवरही पुष्कळदा लेसरच वापरला जातो आणि तो उपयोगीही पडतो. पण त्यासाठी तरंगलांबी, ऊर्जा आणि स्पंदाचा, म्हणजे प्रकाशाच्या एका झटक्याचा, कालावधी यांचा फेरविचार करावा लागतो, आजूबाजूच्या त्वचेला थंडावा देऊन ती उष्णतेपासून वाचवावी लागते, किंवा लेसर थांबवून इलेक्ट्रोलिसिसकडे, म्हणजे एकेका केसाचे मूळ सुईतून विजेने नष्ट करण्याच्या पद्धतीकडे, वळावे लागते. त्यात निर्णय आहे, आणि निर्णयासाठी आधीच्या सिटिंगमध्ये काय वापरले होते ते माहीत असावे लागते. पॅकेजमधल्या सातव्या सिटिंगला तेच यंत्र त्याच आकड्यांवर फिरवणे म्हणजे उपचार नव्हे.

हे असे का घडते ते समजण्यासाठी लेसरची मूळ कल्पना पाहावी लागते. १९८३ मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या अमेरिकी वैद्यक संशोधकांनी ‘सिलेक्टिव्ह फोटोथर्मोलिसिस’ हे तत्त्व मांडले. योग्य तरंगलांबीचा प्रकाश योग्य तेवढ्याच क्षणापुरता सोडला, तर त्वचेतल्या हव्या त्या घटकालाच उष्णता देता येते आणि शेजारच्या पेशी वाचतात, हा त्याचा गाभा. केसांच्या बाबतीत हा घटक म्हणजे मेलॅनिन. केसातले मेलॅनिन प्रकाश शोषते, तापते आणि ती उष्णता मुळाशी असलेल्या, नवा केस घडवणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचते. केस वाढीच्या टप्प्यात असेल तरच हे नीट घडते, म्हणून काही आठवड्यांच्या अंतराने अनेक सिटिंग घ्याव्या लागतात. पांढऱ्या केसात मेलॅनिनच नसते, म्हणून तिथे लेसर निष्प्रभ ठरतो. उपचारानंतर काहींचे उरलेले केस पांढरे होतात असेही नोंदले गेले आहे. तसे झाले की पुढची प्रत्येक सिटिंग त्या केसांपुरती वाया जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही या यंत्रांना मान्यता देताना केसांची ‘कायमस्वरूपी घट’ एवढाच दावा करू दिला आहे, केसांचे पूर्ण आणि कायमचे उच्चाटन असा नाही. जाहिरातींतून ‘घट’ कुठे जाते, ते वाचकांनी स्वतःच पाहावे.

पण मेलॅनिन फक्त केसात नसते, ते त्वचेच्या वरच्या थरातही असते, आणि प्रकाशाला हा फरक कळत नाही. त्वचा जितकी गडद, तितका तिच्या वरच्या थरात प्रकाश अधिक अडतो आणि भाजण्याचा, फोड येण्याचा, नंतर काळे किंवा पांढरे डाग राहण्याचा धोका वाढतो. ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट लेसर गोऱ्या त्वचेवर उत्तम काम करतो, तोच गडद त्वचेवर घात करू शकतो. १०६४ नॅनोमीटरच्या एनडी-याग लेसरचा प्रकाश मेलॅनिनमध्ये कमी शोषला जातो आणि खोल जातो, म्हणून गडद त्वचेसाठी तो अधिक सुरक्षित मानतात. ८०० ते ८१० नॅनोमीटरचा डायोड लेसर या दोहोंच्या मधला. त्यामुळे ‘सर्व प्रकारच्या त्वचेसाठी’ अशी पाटी दिसली की पहिला प्रश्न यंत्र कोणते, हा असायला हवा. उन्हाने रापलेली त्वचा ही त्या आठवड्यापुरती अधिक गडद त्वचा असते. गेल्या महिन्यात चाललेली यंत्राची ऊर्जा या महिन्यात भाजू शकते, ती त्यामुळेच. टॅटूच्या शाईवर लेसर पडला तर शाई प्रकाश शोषते आणि त्या नक्षीबरहुकूम त्वचा भाजते.

काही जखमा तर चूक कुठे झाली हे स्वतःच सांगतात. अनेक यंत्रांत लेसरचा स्पंद सुटण्याच्या क्षणभर आधी त्वचेवर अतिथंड वायूचा फवारा येतो, जेणेकरून वरचा थर तापू नये. हँडपीस, म्हणजे यंत्राचा हातात धरून त्वचेवर टेकवायचा भाग, त्वचेला काटकोनात धरला नाही, किंचित कलला, तर फवाऱ्याचे वर्तुळ आणि प्रकाशाचे वर्तुळ एकमेकांवर बसत नाहीत. एका कडेला थंडावा पोहोचत नाही आणि तिथे चंद्रकोरीच्या आकाराचा भाजल्याचा डाग उमटतो. पोटरीवर अशा ओळीने उमटलेल्या कोरी पाहिल्या की मनगट कोणत्या बाजूला कलत होते, तेही जाणकाराला ओळखता येते. हा डाग ‘त्वचा संवेदनशील होती’ म्हणून पडत नाही. तरीही ग्राहकाला बहुधा तेच कारण सांगितले जाते.

डोळ्यांच्या बाबतीत गोष्ट अधिक गंभीर आहे. भुवया नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून भुवईच्या खालच्या कडेवर लेसर मारताना डोळ्याला इजा झाल्याच्या घटना नेत्रविज्ञानाच्या नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. पापणी पातळ असते, तिच्यातून हा प्रकाश आत शिरतो. डोळे घट्ट मिटले की बुबुळ नैसर्गिकरीत्या वर सरकते, म्हणजे नेमके जिथे हँडपीस टेकलेला असतो त्याच्या दिशेने. आणि डोळ्यातला रंगीत पडदा मेलॅनिनने भरलेला असतो. परिणामी त्या पडद्याचा काही भाग झिजतो, बाहुली वेडीवाकडी होते, डोळ्याच्या आत दाह होतो, उजेड सहन होत नाही, काही वेळा मोतीबिंदू होतो. पडद्याची झीज भरून येत नाही. हे टाळायचे तर बुबुळावर बसवायची धातूची ढाल वापरावी, नाहीतर डोळ्याच्या खोबणीच्या हाडाच्या आत लेसर नेऊच नये. डोळ्यांवर ठेवलेली कापसाची घडी ही ढाल नव्हे. या कामाचे लेसर बहुधा सर्वांत धोकादायक अशा चौथ्या वर्गात मोडतात आणि त्यांचा परावर्तित झोतही डोळ्याला इजा करू शकतो, म्हणून खोलीतल्या प्रत्येकाने त्या विशिष्ट तरंगलांबीसाठी बनवलेला गॉगल घालणे आवश्यक असते. १०६४ नॅनोमीटरचा झोत तर दिसतही नाही.

सर्वांत दुःखद दुष्परिणाम लेसरचा नाहीच. फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक सार्वजनिक इशारा दिला. २२ आणि २५ वर्षांच्या दोन तरुणींनी लेसरच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून त्वचा बधिर करणारे तीव्र मलम पायांवर लावले होते आणि वरून पाय प्लास्टिकने गुंडाळले होते. दोघींना झटके आले, दोघी कोमात गेल्या आणि मरण पावल्या. अशा मलमातले लिडोकेन हे बधिर करणारे औषध त्वचेतून रक्तात उतरते. मलमाचे प्रमाण जितके तीव्र, त्वचेचे क्षेत्र जितके मोठे आणि वरचे आवरण जितके घट्ट, तितके ते अधिक उतरते आणि हृदयाची लय व मेंदू या दोहोंवर आघात करते. कोणत्याही डॉक्टरला हे साधे औषधशास्त्र ठाऊक असते. ‘येण्याआधी घरीच मलम लावून या, वरून प्लास्टिक गुंडाळा’ असे सांगणाऱ्याला ते ठाऊक असेलच असे नाही.

खोलीतल्या जळक्या केसांच्या वासाबद्दलही बोलायला हवे, कारण तो वास ग्राहकापेक्षा यंत्र चालवणाऱ्या मुलीच्या नाकात अधिक जातो. २०१६ मध्ये ‘जामा डर्मटॉलॉजी’ या नियतकालिकात या धुराचे पृथक्करण प्रसिद्ध झाले. त्यात ३७७ रासायनिक संयुगे सापडली. त्यांतली १३ कर्करोगकारक म्हणून ज्ञात किंवा संशयित होती, तर वीसहून अधिक पर्यावरणीय विषे म्हणून ओळखली जाणारी होती. धूर ओढणारे यंत्र उपचाराच्या जागेजवळ धरलेले असतानाही हवेतले अतिसूक्ष्म कण सुमारे आठपट झाले. ते यंत्र ३० सेकंद बंद ठेवल्यावर २६ पटींहून अधिक. एखाद्या ग्राहकाचा हा संपर्क काही मिनिटांचा असतो. बंद, वातानुकूलित खोलीत दिवसभर एकामागून एक पाय आणि पाठी करणाऱ्या कर्मचाऱ्याचे काय, हा प्रश्न कामगार सुरक्षेचा आहे आणि तो तसा विचारला जात नाही.

केसांपायी माणसांनी आणि विशेषतः स्त्रियांनी याआधीही मोठी किंमत मोजली आहे. १८९६ मध्ये व्हिएन्नात लेओपोल्ड फ्रॉइंड यांनी एका लहान मुलीच्या पाठीवरच्या केसाळ जन्मखुणेवर क्ष-किरण वापरले. केस गेले आणि पाठीवर लवकर न भरणारा व्रण पडला. तरीही १९२० च्या दशकात अमेरिकेत क्ष-किरणांनी केस काढणारी सौंदर्यकेंद्रे जोरात चालली आणि पुढे त्यांच्या ग्राहकांत त्वचेचे विकार आणि कर्करोग दिसू लागले. १९३० च्या सुमारास थॅलियम हे विष असलेले ‘कोरेम्लू’ नावाचे क्रीम तिथेच खुलेआम विकले गेले आणि ते लावणाऱ्या स्त्रियांना मज्जातंतूंचे विकार जडले. लेसर त्या जातीचा नाही. त्याचा प्रकाश आयनीकारक नसतो, क्ष-किरणांप्रमाणे तो डीएनए तोडत नाही, आणि लेसरला क्ष-किरणांच्या पंक्तीला बसवून भीती पसरवणारे लेखही तितकेच बेजबाबदार आहेत. फरक दुसरीकडे आहे. क्ष-किरणांच्या वेळी ज्ञान विक्रीच्या मागून आले. लेसरच्या बाबतीत ज्ञान तयार आहे, छापलेले आहे, फक्त ते काउंटरच्या पलीकडे राहते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की बहुसंख्य लोकांना काहीच होत नाही. ते खरे आहे. तात्पुरती लाली आणि केसांच्या मुळाशी आलेली सूज एवढ्यावर बहुतेकांचे भागते. लेसरचा उपयोगही केवळ दिसण्यापुरता नाही. माकडहाडाजवळ केस आत रुतून वारंवार होणाऱ्या गळवात, म्हणजे पायलोनायडल सायनसमध्ये, दाढीचे केस आत वळून होणाऱ्या दाहात, किंवा नको असलेल्या दाट केसांमुळे घराबाहेर पडणे टाळणाऱ्या स्त्रीच्या आयुष्यात हा उपचार खरोखर दिलासा देतो. म्हणूनच त्यावर बंदी घाला असे कोणी समंजस माणूस म्हणणार नाही. पण दिलासा देण्याची ताकद आणि इजा करण्याची ताकद एकाच प्रकाशातून येते, आणि जे यंत्र केसाचे मूळ जाळू शकते त्याला फेशियलच्या रांगेत बसवणे हा विसंगत विचार आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे काम फक्त डॉक्टरांकडे दिले तर ते महागेल आणि लोक अधिक वाईट जागी जातील. वेगवेगळ्या देशांनी याची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. फ्रान्समध्ये १९६२ च्या आदेशाने चिमटा आणि वॅक्सिंग वगळता केस काढण्याच्या बाकी सर्व पद्धती डॉक्टरांसाठी राखून ठेवल्या होत्या. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायसंस्थेने ती मक्तेदारी अमान्य केली आणि २०२४ मध्ये प्रशिक्षणाच्या अटीवर सौंदर्यतज्ज्ञांना वाट मोकळी झाली. इंग्लंडने आणखी सैल मार्ग धरला. २०१० मध्ये केस काढण्याच्या लेसरसाठी असलेली राष्ट्रीय नियामकाकडे नोंदणीची सक्ती काढून टाकली गेली. अमेरिकेतल्या लेसरसंबंधी खटल्यांच्या एका पाहणीत डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने यंत्र चालवल्याच्या प्रकरणांचा वाटा २००८ मध्ये सुमारे ३६ टक्के होता, तो २०११ मध्ये सुमारे ७८ टक्क्यांवर गेला. सर्वाधिक खटले केस काढण्याचेच होते. खटले म्हणजे दुष्परिणामांचे प्रमाण नव्हे, हे मान्य. तरी दिशा कळते.

माझ्या मते पदवीचा आग्रह हा या वादातला सोपा भाग आहे, आणि तो अपुराही आहे. डॉक्टरच्या नावाच्या पाटीखाली, डॉक्टर गावाबाहेर असताना, चार दिवसांच्या प्रशिक्षणावर चालणारे हँडपीसही असतात. उलट काटेकोर प्रशिक्षण घेतलेली, पॅच टेस्ट, म्हणजे आधी त्वचेच्या लहानशा भागावर चाचणी, केल्याशिवाय पुढे न जाणारी तंत्रज्ञ घाईतल्या डॉक्टरपेक्षा सुरक्षित असू शकते. निदान मात्र डॉक्टरनेच करावे. चेहऱ्यावर अचानक वाढलेले केस हे पीसीओएस या अंडाशयाशी संबंधित विकाराचे किंवा अन्य हॉर्मोन विकाराचे लक्षण असू शकते, आणि ते लक्षण लेसरने पुसत राहणे म्हणजे ताप उतरवून आजार लपवणे. त्वचेवरचा तीळ कोणत्या प्रकारचा आहे हे ठरवल्याशिवाय त्यावरून लेसर फिरवू नये, हेही निदानातच मोडते.

खरा नियम विक्रीवर हवा. पॅच टेस्ट होऊन तिचा परिणाम दिसल्याखेरीज पुढच्या सिटिंगचे पैसे आगाऊ घेण्यास मनाई असावी. सहा-आठ सिटिंगचे पैसे आधीच घेतले गेले की थांबण्यात कोणाचाच फायदा उरत नाही: विकणाऱ्याला परतावा द्यावा लागेल आणि घेणाऱ्याला पैसे बुडाल्यासारखे वाटेल, म्हणून तिसऱ्या सिटिंगला डाग दिसला तरी चौथी होते. तरुण मुलींच्या गालांवरच्या आणि गळ्यावरच्या निव्वळ लवेवर लेसर करण्यास सरळ नकार द्यावा. केस वाढण्याचा धोका तिथेच सर्वाधिक आणि फायदा सर्वांत कमी. संमतिपत्रात ‘परिणाम व्यक्तीनुसार बदलू शकतात’ अशी अंगचोर ओळ न लिहिता ‘या उपचाराने चेहऱ्यावरचे केस वाढू शकतात’ असे स्पष्ट वाक्य असावे. आणि प्रत्येक सिटिंगनंतर यंत्राचे नाव, तरंगलांबी, ऊर्जा, स्पंदाचा कालावधी आणि चालवणाऱ्याचे नाव असलेली नोंद ग्राहकाच्या हाती पडावी, जशी औषधाची चिठ्ठी पडते. आज भाजलेली व्यक्ती त्वचारोगतज्ज्ञाकडे जाते तेव्हा तिला एवढेच सांगता येते की ‘लेसर केला होता’.

घरगुती आयपीएल यंत्रांना या नियमांतून सुटका मिळू नये. ती ग्राहकाच्या हातात सुरक्षित राहावीत म्हणून कमी ऊर्जेची बनवली जातात. आणि चेहऱ्यावरचे केस वाढण्याचा संशय ज्या अपुऱ्या उष्णतेवर आहे, ती कमी ऊर्जेतूनच येते. खोक्यावर त्वचेच्या रंगाचा तक्ता असतो. चेहऱ्यावरचे केस वाढू शकतात हा इशाराही त्याच ठळक अक्षरांत, त्याच बाजूला छापला पाहिजे.

राहतो प्रश्न मोजणीचा. अमेरिकेत वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या इजा कळवण्याची सक्ती रुग्णालयांवर आहे, पण डॉक्टरांच्या खाजगी दवाखान्यांना त्यातून वगळलेले आहे. तिथे बहुधा डॉक्टरने किंवा ग्राहकाने स्वतःहून कळवले तरच नोंद होते. सौंदर्यकेंद्रांवरची देखरेख बहुतेक ठिकाणी याहून सैल आहे. दुष्परिणामाचे प्रमाण ०.६ टक्के की १० टक्के, एवढ्या मोठ्या फरकाचे एक कारण यातही आहे: ज्यांचे केस वाढले त्यांतल्या अनेकांनी ते कोणाला सांगितलेच नाही, हॉर्मोनला दोष दिला आणि पुढची सिटिंग घेतली. इजा कळवण्याची सक्ती जागेवर न ठेवता यंत्रावर ठेवावी. चौथ्या वर्गातला लेसर रुग्णालयात असो, दवाखान्यात असो की ब्युटी पार्लरमध्ये, तो चालवणाऱ्याने वर्षाकाठी किती सिटिंग केल्या आणि त्यांत किती जणांना भाजले, डाग पडले किंवा केस वाढले, हे त्या देशाच्या आरोग्य नियामकाकडे कळवावे आणि तो आकडा त्याच्या परवान्याशेजारी भिंतीवर लावलेला असावा.